चंदनपेठेच्या तळ्याची व झरेवाडीच्या पाण्याची बखर

॥ श्री ॥

भूमीच्या पोटी जे पाणी न बोलता राहते त्यास आधी नमस्कार, ते वर काढणाऱ्या हातांस त्याजवर नमस्कार, आणि मग वाचणाऱ्यांस नमस्कार करून ही हकीकत मांडिली असे. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, चैत्र मास. एका राज्यात, ज्याचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, राजधानीच्या पूर्वेस एक थोर उकिरडा होता. त्यास लोक कुबड म्हणत. नगरीस पिढ्यान् पिढ्या जे जे नकोसे जाहले ते ते तेथे नेऊन टाकिले. कुजकी फळे आणि फाटक्या गाद्या, दवाखान्यांच्या कुप्या आणि सुया, सोनारांचे तेजाब, रंगाऱ्यांचे उरलेले रंग, फुटक्या ट्यूबलाइटी, निकामी बॅटऱ्या, आणि ज्यास माती कधी आपले म्हणत नाही ते प्लास्टिक. ऐसे थरावर थर चढून मैदानाचा टेकडा जाहला, आणि तो उन्हाळ्यात आपोआप धुमसे आणि पावसाळ्यात त्याच्या पायथ्याशी काळसर पाणी झिरपे, त्यास काळवणी म्हणत. टेकड्याच्या उताराखाली झरेवाडी म्हणून वस्ती होती. तेथील लोक भाजीचे मळे आणि म्हशी बाळगून राहत आणि त्यांच्या विहिरींचे पाणी ऐसे गोड की, राजवाड्यात कार्य निघाले म्हणजे पंगतीचे पाणी तेथून येई. ओढ्याकाठच्या दोन विहिरी काळवणीने नासल्या त्या त्यांनी बुजविल्या होत्या, परंतु गावातल्या विहिरी बचावल्या होत्या, आणि लोक म्हणत की देवाने राखिले.

त्या चैत्रात महाराजांची स्वारी पूर्वेच्या वाटेने चालली असता वारा फिरला आणि दुर्गंधी ऐसी आली की घोडी बिथरली आणि महाराजांनी रुमाल नाकास लाविला, आणि तो रुमाल नगरीच्या वेशीपर्यंत काढिला नाही. मग दुसरे दिवशी दरबार भरवून बोलिले की, "जुन्या गल्ल्यांतली घरे लोकांच्या अंगावर पडताहेत, आणि इकडे एवढी भूमी घाण पांघरून पडली आहे. कुबड झाकावे, तेथे पेठ वसवावी, आणि तिचे नाव चंदनपेठ ठेवावे." तेव्हा दिवाण बोलिले की नाव उत्तम आहे, आणि सर्वांनी माना हलविल्या. आणि या कामावर हैबतराव दळवी यांस नेमिले. हैबतराव वयाने पन्नाशीचे, इमारतीच्या कामात वाकबगार, वाचन पुष्कळ, बोलणे थोडे; एखादी गोष्ट ठरवून झाल्यावरही ती मनात उलटीसुलटी करून पाहण्याची त्यांस खोड होती, आणि त्यामुळे त्यांचे हातून चूक थोडी होई आणि जी होई ती त्यांस सर्वांआधी दिसे. त्यांची आई लहानपणी वारली होती, आणि तिच्या बहिणीने, भागूमावशीने, त्यांस झरेवाडीत वाढविले होते. त्या विहिरींचे पाणी पिऊन ते मोठे जाहले होते. म्हणून आज्ञा हाती येताच ते आधी झरेवाडीस गेले आणि मावशीच्या पायां पडले आणि म्हणाले, "मावशी, आता तुमच्या उशाची घाण जाणार." मावशी म्हशीची धार काढीत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "घाण जात न्हाई, हैबा. जागा बदलती. कुठं न्यायची ठरवलीय ते सांग आधी." हैबतराव म्हणाले, "कोठे न्यायची नाही. जागच्या जागी झाकायची." तेव्हा मावशी म्हणाल्या, "आणि नाव चंदन म्हणं! उकिरड्याला अत्तर लावलं म्हणून तो काय नवरदेव व्हतो व्हय रं?" आणि हसल्या, आणि हैबतरावही हसले, परंतु ते बोलणे त्यांच्या मनातून गेले नाही.

मग हैबतरावांनी मथुराबाई वर्तक यांस बोलावून घेतिले. या बाई भूमीखालच्या पाण्याच्या जाणत्या, दूरदेशी शिकून आलेल्या, बोलण्यात फटकळ. त्यांनी कुबडाभोवती ठिकठिकाणी बोअर मारविले आणि आतले पाणी कुप्यांत भरून तपासिले आणि पुष्कळ दिवसांनी सांगितले की, "हैबतराव, विष आत आहे हे तुम्हांस ठाऊकच आहे. ते बाहेर काढू म्हणाल तर राज्याचा खजिना पुरणार नाही, आणि काढून ठेवणार कोठे? पण विषाला पाय नसतात. पाणी त्याला खांद्यावर घेऊन जाते. तेव्हा कुबड कोरडे ठेवा. वरून पाणी आत शिरू दिले नाही तर आतले आत राहील, आणि झरेवाडी सुखरूप राहील. एवढे एकच करा, पण ते कायमचे करा." हैबतरावांनी ते प्रमाण मानिले आणि काम मांडिले. कडेकडेने जेथे कचरा उथळ होता तेथला उपसून खडकापर्यंत पाये नेले, आणि तेथे घरे योजिली. मधल्या उंच भागावर तळ्यांतला चिकण गाळ आणून पसरिला आणि रोलर फिरवून ऐसा दाबिला की टाच रुतेना; त्याजवर जाड मेणकापड, त्याजवर मुरूम, त्याजवर माती, आणि मातीवर वाळ्याचे गवत लाविले. आतला वारा कोंडू नये म्हणून नळ्या उभ्या केल्या. उतार ऐसा काढिला की पाऊस पडला तो अंगावरून निघून जावा. त्या पावसाळ्यात हैबतराव स्वतः छत्री घेऊन पायथ्याशी उभे राहिले, आणि काळवणी येते की काय ऐसे पाहत राहिले. आणि ती आली नाही, नितळ पाणी आले. मग मन्मथनाम संवत्सर संपता संपता कुबड हिरवे जाहले, आणि नगरीतील लोक संध्याकाळी पायी पाहण्यास येऊ लागले. हैबतरावांस वाटले की आपल्या हातून एक काम तरी निर्दोष जाहले. ऐसे वाटणे त्यांच्या स्वभावास नवे होते.

आता त्या राज्यात एक रीत होती. नवी वस्ती वसवावी तर आधी तळे खणावे, त्याचा उत्सर्ग करावा, म्हणजे ते विधीने सर्वांस अर्पण करावे, आणि मगच घरांत चुली पेटवाव्या. पाण्याआधी चूल नाही, ऐसे वडिलांपासून चालत आले होते, आणि हैबतराव स्वतः ती रीत मानीत. म्हणून राजपुरोहित गणंभट आचवल यांनी तळ्याची गोष्ट काढिली तेव्हा त्यांस नवल वाटले नाही, भय मात्र वाटले. गणंभट वृद्ध, विद्वान, निर्लोभी गृहस्थ. हैबतराव त्यांस म्हणाले, "भटजीबुवा, तळे बांधू. परंतु तळाशी आणि बाजूंस पक्का गिलावा करून, थेंब झिरपणार नाही ऐसे." गणंभट म्हणाले, "ते तळे नव्हे, राव. ते भांडे. भांड्यातले पाणी वस्तीस चालत नाही. पाण्याने भूमीस स्पर्श केला पाहिजे, तरच ते पाणी त्या भूमीचे होते. नाहीतर तुमच्या पेठेचे लोक परक्याच्या पाण्यावर चूल पेटवतील." हैबतरावांनी मथुराबाईंचे म्हणणे सांगितले. गणंभटांनी ते नीट ऐकिले आणि म्हणाले, "बाई खोटे बोलणार नाहीत. पण मीही खोटे सांगू शकत नाही." ऐसा पेच पडला. दिवाण घाई करू लागले, कारण जुन्या गल्ल्यांतली घरे पाडून जाहली होती आणि लोक पत्र्याच्या खोपटांत राहत होते. तेव्हा हैबतरावांनी पुष्कळ विचार करून मधली वाट काढिली: तळ्याचा सर्व तळ आणि भिंती पक्क्या कराव्या, आणि मधोमध एका ताटाएवढी जागा उघडी ठेवावी, तीस भूमुख म्हणावे, तेथे चिकण मातीचा थर आहेच, एवढ्याशा तोंडातून किती जाणार. गणंभट म्हणाले, "शास्त्रास ताटभरही पुरे." आणि गवंड्याने काम केले. तळ्यास खोली हवी म्हणून खणता खणता चिकण थर त्या ठिकाणी पातळ जाहला आणि मेणकापड कापावे लागले, तेव्हा गवंडी म्हणाला, "साहेब, हितं पहार लावली तर आवाज पोकळ येतोय." हैबतरावांनी आणखी माती ठोकून घेतली. मथुराबाई तेव्हा दुसऱ्या प्रांती गेल्या होत्या. परत येतील तेव्हा त्यांस सांगू, ऐसे हैबतरावांनी मनाशी म्हटले. आणि त्या आल्या तेव्हा तळे भरले होते, उत्सर्ग जाहला होता, आणि भूमुख पाण्याखाली होते. मग सांगणे राहिले.

दुर्मुखनाम संवत्सरी श्रावणात तळे भरिले. कमळे लाविली, काठास दगडी पायऱ्या केल्या. महाराजांनी हैबतरावांस शालजोडी दिली आणि पेठेतील पहिले घर त्यांच्या नावे केले. झरेवाडीचे लोकही पाहण्यास आले, आणि भागूमावशी पायरीवर बसून पाण्यात हात घालून म्हणाल्या, "गार हाय बरं का. खाली आमच्या विहिरीला आता थोरली भैन मिळाली." हे ऐकून हैबतरावांनी घाईने विषय बदलिला. तळे वारंवार भरावे लागे. माळी म्हणे, "ऊन खातंय, साहेब." आणि पौषात, जेव्हा ऊन उबेपुरतेही नसे, तेव्हाही माळी म्हणे की ऊन खातंय, आणि हैबतराव त्यास "असेल" म्हणत आणि टँकर मागविण्यास सांगत. ऐसे वर्ष गेले आणि वर काही महिने गेले.

पुढे हेमलंबीनाम संवत्सरी मार्गशीर्षात हैबतराव मावशीस भेटण्यास गेले असता मावशींनी चहा पुढे ठेविला आणि म्हणाल्या, "दूध नासलंय म्हणून बिनदुधाचा केलाय. पी, पर बघून पी." हैबतरावांनी कपात पाहिले तो चहा शाईसारखा काळा. ते म्हणाले, "मावशी, पत्ती फार पडली." मावशी म्हणाल्या, "पत्ती तितकीच. महिना झाला, असाच व्हतोय. डाळ सकाळपास्नं चुलीवर ठेवली तरी दाण्याचा दाणा. साबण लावला तर फेस न्हाई, चिखलावाणी चिकटतो. सून म्हणती, आत्या, तुमचं वय झालं, तुम्हाला चव कळंना. मी म्हणलं, बाई, माझ्या जिभेला वय झालं असंल, डाळीला कशानं झालं?" आणि हसावयास गेल्या, परंतु हैबतरावांचे तोंड पाहून थांबल्या. "काय रं, हैबा? काय झालं?" हैबतराव म्हणाले, "काही नाही." आणि तो चहा प्याले, मावशी नको नको म्हणत असता सगळा प्याले, आणि उठून चालते जाहले. वाटेत त्यांस कुबड दिसले, हिरवेगार, आणि त्याजवर तळ्याच्या काठची झाडे, आणि खाली झरेवाडीच्या रहाटांवर बायका पाणी काढीत होत्या. आणि दोहींच्या मध्ये जी वाट होती ती त्यांच्यावाचून कोणास दिसत नव्हती.

त्यांनी मथुराबाईंस निरोप धाडिला, आणि बाई आल्या, आणि झरेवाडीच्या विहिरींचे पाणी कुप्यांत भरून नेले. तपासून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "लोह आहे, क्षार आहेत, ते डोळ्यांना दिसतात, जिभेला कळतात. जे कळत नाही तेही आहे. शिसे आहे. लहान मुलांना हे पाणी देऊ नका. पण मला एक समजत नाही, राव. आपण कुबड झाकले, पाऊस वरून निघून जातो, मग आत पाणी आले कोठून?" हैबतरावांनी तळ्याकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "तळे पक्के आहे ना?" हैबतराव म्हणाले, "भिंती पक्क्या आहेत." हे खरे होते आणि उत्तर नव्हते. बाई म्हणाल्या, "मग कोठे तरी तडा असेल. पाऊस येतो आणि जातो, पण तळे जात नाही; ते बारा महिने एके जागी बसून खाली दाबत राहते. मी तळ्यात रंग सोडते. हिरवा रंग आहे, अपाय करीत नाही, थेंबाने विहीर रंगते. तो झरेवाडीस निघाला की संशय फिटेल. पण जमिनीतली वाट मंद असते, यास महिने लागतील." मग माघात त्यांनी रंग सोडिला आणि तळे पोपटाच्या पिसासारखे जाहले, आणि नगरीतील लोकांस ते फारच सुंदर दिसले.

इकडे दिवाणांनी मुहूर्त धरिला की येत्या चैत्र शुद्ध प्रतिपदेस चंदनपेठेत चुली पेटवाव्या. हैबतरावांनी झरेवाडीस टँकर लावून दिला, परंतु तो एक दिवस येई आणि दोन दिवस न येई, आणि न आला की लोक विहिरीचेच पीत. हैबतराव मनाशी म्हणत की रंग येऊ दे, मग बोलू. आणि पुन्हा म्हणत की न आला तर बोलावेच लागणार नाही. आणि हे दुसरे आपण मनाशी म्हटले याची त्यांस ऐसी लाज वाटे की ते जेवता जेवता ताटावरून उठत. एके दिवशी ते झरेवाडीच्या वाटेने जात असता मावशीच्या अंगणात नातसून लेकरास पाणी पाजीत होती. ते धावत गेले आणि तिच्या हातचा पेला ओढून घेतला, आणि पाणी तिच्या लुगड्यावर सांडले. ती म्हणाली, "अहो मामंजी, टँकरचं हाय!" हैबतराव तसेच पेला धरून उभे राहिले. मग मावशी बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "तुला ठाव हाय काय ते, हैबा. किती दिस झालं ठाव हाय?" हैबतरावांनी पेला खाली ठेविला आणि तेथून थेट हुजुरात गेले आणि दरबार मागितला.

फाल्गुनात दरबार भरला. महाराज, दिवाण, गणंभट, मथुराबाई, झरेवाडीचे लोक, आणि पत्र्याच्या खोपटांतले लोकही आले. त्यांत कोंडाबाई बुरूड पुढे होती. तिचे घर जुन्या गल्लीत पडले होते आणि नव्या पेठेत तिला घर मिळावयाचे होते. मथुराबाईंनी पाण्याची हकीकत सांगितली. दिवाण बोलिले की, "रंग अजून निघाला नाही. तळ्याचा दोष सिद्ध नाही. मुहूर्त होऊ द्यावा, पुढे रंग निघाला तर पाहू." पुष्कळांस ते पटले. तेव्हा हैबतराव उठले. त्यांस दरबारात बोलण्याचा सराव नव्हता, तरी बोलिले की, "महाराज, रंग दिसेपर्यंत थांबायचे म्हणजे झरेवाडीने तोपर्यंत प्यायचे. मला रंगाची गरज नाही. वाट कोठे आहे ते मला ठाऊक आहे. ती मीच ठेविली. तळ्याच्या तळाशी ताटाएवढी जागा उघडी आहे. बाईंस मी ती सांगितली नाही. तळे ऊन खात नाही, तळे झरेवाडी खाते आहे." मथुराबाईंनी आपले कागद गुंडाळिले आणि त्यांजकडे पाठ करून बसल्या. मग गणंभट काठी टेकीत उठले आणि म्हणाले, "ती जागा मी मागितली. त्यांनी दिली. दोष मांडायचा तर दोघांच्या नावे मांडावा."

तेव्हा कोंडाबाई पुढे आली आणि पदर कमरेस खोवून बोलिली की, "दोष कुणाचा का असंना, सरकार, आमी दुसरा उन्हाळा पत्र्याखाली काढायचा का? माझ्या पोरीचं बाळंतपण पत्र्याखाली झालं. तुमचं तळं, तुमचं शास्त्र, तुमची चूक, आणि घरं थांबायची आमची? खालच्या लोकांचं पाणी गेलं, वाईट झालं. आमचं तर घरच गेलंय." मग भागूमावशी, ज्यांनी चहाची किटली आणि पेले पदराखाली आणिले होते, त्या उठल्या आणि एक पेला दिवाणांपुढे आणि एक कोंडाबाईपुढे ठेवून ओतू लागल्या आणि म्हणाल्या, "घ्या, दिवाणसाहेब. शाई न्हाई, चहाच हाय, झरेवाडीचा. लग्नाला आमचंच पाणी नेत व्हता की." दिवाणांनी पेला पाहिला आणि हात मागे घेतला. कोंडाबाईने मात्र उचलिला आणि नाकाशी नेला. मग तो खाली ठेवून मावशींस म्हणाली, "आजी, ह्यो तुमी पोरांना देता?" मावशी म्हणाल्या, "टँकर न्हाई आला तर काय करू?" कोंडाबाई म्हणाली, "आणि आमच्या चुली वर पेटल्या, आमी तळं भरत राहिलो, तर ह्यो आणखी काळा हुणार?" मथुराबाई म्हणाल्या, "होय." तेव्हा कोंडाबाई खाली बसली आणि म्हणाली, "मग मला न्हाई कळत, सरकार. काय ते तुमी बोला."

महाराज गणंभटांकडे वळून म्हणाले, "भटजीबुवा, पाण्याआधी चूल नाही ही रीत. तळे मोडले तर चूल कशावर पेटवावी?" गणंभटांनी डोळे मिटले आणि ऐसे बसले की त्यांस झोप लागली की काय ऐसे लोकांस वाटले. मग डोळे उघडून काठी टेकीत उठले आणि म्हणाले, "पाण्याआधी चूल नाही, एवढे वडिलांनी सांगितले. कोणाचे पाणी, हे सांगितले नाही. मी समजलो की पेठेचे. परंतु जी भूमी वर आहे तीच खाली आहे, आणि आपण जिला स्पर्श करू म्हटले तिचे मुख झरेवाडीत उघडत होते. तेव्हा झरेवाडीस चांगले पाणी पोचेपर्यंत चंदनपेठेत चूल नाही. रीत हीच, आणि ती मी आता नीट वाचिली." हे बोलून झाल्यावर हैबतरावांनीच त्यांस हात देऊन बसविले. मग महाराजांनी आज्ञा केली की, तळे आजच रिते करावे आणि ते पाणी ओढ्यात न सोडता टाक्यांत घ्यावे. भूमुख बुजवून वर चिकण माती आणि मेणकापड पूर्ववत करावे. उताराच्या बाजूस चर खणून आणि बोअर मारून नासलेले पाणी उपसावे आणि शुद्ध करावे. आणि नदीवरून नळ आणावा, तो आधी झरेवाडीत न्यावा आणि तेथून उलटा वर पेठेत चढवावा. दिवाण म्हणाले की, पेठेतून खाली नेणे सोपे पडेल, उतार आहे. महाराज म्हणाले, "म्हणूनच."

हैबतरावांची शालजोडी परत घेतली नाही, परंतु त्यांनी ती आपण होऊन महाराजांपुढे परत ठेविली. कामावरून काढावे ऐसेही त्यांनी मागितले, महाराज म्हणाले, "ते फार सोपे होईल. ज्याने केले त्यानेच निस्तरावे." मग विलंबीनाम संवत्सर लागले आणि प्रतिपदेस पेठेत गुढी उभी राहिली नाही. नळाचे चर खणिले तेव्हा खोपटांतले लोक मजुरीवर आले आणि झरेवाडीचेही आले, आणि कोंडाबाई झरेवाडीकरांस म्हणे, "हात उचला की! तुमचं लवकर झालं तर आमचं व्हईल," आणि ते म्हणत, "अगं, पिऊ तर दे आधी!" आणि ऐसी थट्टा करीत करीत काम चाले. आषाढात रंग निघाला. मावशीच्या दारच्या विहिरीत सकाळी पाणी हिरवे दिसले, पोपटाच्या पिसासारखे, आणि मथुराबाईंस बोलावणे गेले, आणि त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "आला." परंतु तोवर विहिरींवर फळ्या ठोकल्या होत्या, रहाट काढून ठेविले होते, आणि तो रंग कोणाच्याही घागरीत आला नाही. हैबतराव तेथे उभे होते. मथुराबाई, ज्या दरबारापासून त्यांच्याशी कामापलीकडे बोलत नसत, त्या त्यांजकडे न पाहता म्हणाल्या, "रंगासाठी थांबलो असतो तर आजवर त्यांनी हेच प्यायले असते." एवढेच म्हणाल्या.

कार्तिकात नळ आला. पहिले पाणी झरेवाडीत मावशीच्या दारी आले, आणि त्यांनी चहा केला, आणि तो तांबडा जाहला, आणि सर्वांनी पाहिला. मग पाणी वर चढले आणि पेठेत चुली पेटल्या, आणि कोंडाबाईने पहिली घागर आपल्या घरी न नेता खाली नेऊन झरेवाडीच्या फळ्या ठोकलेल्या विहिरींपाशी ठेविली, आणि तिच्यामागून पेठेतील घरोघरच्या बायकांनी तसेच केले. ही नवी रीत कोणी सांगितली नव्हती, आणि ती आजतागायत चालते. पेठेतील पहिले घर हैबतरावांचे. त्यांनी त्यात राहावयास आरंभ केला, परंतु चूल पेटविली नाही. गणंभटांनी समजाविले की नळाचे पाणी पोचले, रीत पुरी जाहली. हैबतराव म्हणाले, "पेठेची पुरी जाहली. माझी विहिरींशी आहे." आणि ते दोन्ही वेळा मावशीकडे जेवीत. मावशी म्हणत, "याच्या प्रायश्चित्तापायी माझ्या भाकरी वाढल्या की रं!" आणि वाढीत.

त्याजवर वर्षे गेली. उपसा चालला, पाणी शुद्ध होऊन चराबाहेर गेले, कुबड कोरडे राहिले. दर वर्षी आषाढात मथुराबाई विहिरींचे पाणी कुप्यांत भरीत, आणि हैबतराव आपल्या परीने एक पातेले घेऊन मावशीच्या अंगणात बसत आणि त्या पाण्याचा चहा करीत, आणि त्याचा रंग पाहत आणि ओतून देत. तो शाईसारखा होता तो पुढे करडा जाहला, मग मळकट, मग गढूळ तपकिरी. मावशी शार्वरीनाम संवत्सरी वारल्या आणि हैबतराव नेमाने येत राहिले. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, आषाढात चहा तांबडा उतरला. नातसूनबाई धावत आल्या, लेकरू आता शाळेत जाण्याजोगे जाहले होते तेही आले, आणि म्हणाल्या, "मामंजी, झालं की! पेटवा आता चूल." हैबतरावांनी मथुराबाईंकडे पाहिले. मथुराबाई तपासणीचा कागद पुढे धरून म्हणाल्या, "लोह गेले, राव. चहाला तेवढेच कळते. शिसे अजून आहे. अजून नाही." हैबतराव म्हणाले, "ठाऊक आहे." आणि तो तांबडा चहा, ज्याचा वास अंगणभर सुटला होता, त्यांनी काळजीपूर्वक उपशाच्या टाकीत ओतिला, आणि पातेले राखेने घासून पुढल्या आषाढासाठी पालथे घालून ठेविले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. कुबड हिरवे आहे, पेठ नांदती आहे, झरेवाडीस नळ आहे, विहिरी बंद आहेत आणि सुधारत आहेत. तळ्याच्या जागी वाळा आहे. चंदनपेठेतील पहिल्या घराची चूल अद्याप सारवलेली आणि कोरी आहे. लिहिण्यात उणे राहिले असेल ते पाण्याच्या जाणत्यांनी भरून काढावे. लेखनसीमा.